मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भिंग निवडताना: आधी अंतर ठरवा, मग रेटकार्ड बघा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की रुग्णाला आणि घरच्यांना एका टेबलासमोर बसवतात. टेबलावर रेटकार्ड असतं. घडीचं, बिनघडीचं, इंडियन, इम्पोर्टेड, टोरिक, मल्टिफोकल, ट्रायफोकल. प्रत्येक ओळीपुढे आकडा, काही हजारांपासून थेट लाखाच्या आसपास. बरोबर आलेला मुलगा कार्ड वर-खाली बघतो आणि म्हणतो, "आईचे डोळे आहेत मॅडम. पैशाचं बघू नका, चांगल्यातलं चांगलं टाका."

मी एका तालुक्याच्या गावात, डोळ्यांच्या दवाखान्यात भिंगाचं माप काढायचं काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण कोणत्या नंबरचं भिंग लागेल याचा हिशोब माझ्या खोलीत सुरू होतो. मुलांचं ते वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय आणि त्यामागची माया मला कळते. पण भिंगं अशी एका रांगेत, साध्यापासून भारीपर्यंत, लावता येत नाहीत. बँकेत बसणाऱ्या बाईंना जे भिंग मानवतं ते रात्री गाडी चालवणाऱ्याला त्रास देऊ शकतं. म्हणून हा लेख रेटकार्डाच्या उलट्या दिशेनं लिहिला आहे. पैसे शेवटी येतील.

आत बसतं ते नेमकं काय

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे जन्मतः एक पारदर्शक भिंग असतं. ते एका पातळ पिशवीत असतं. वयानं ते गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात. ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल खिडकी पाडून गढूळ झालेला गर काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. त्याचा मधला गोल भाग साधारण ६ मिलिमीटरचा, आणि दोन बाजूंना पिशवीत अडकून राहायला दोन नाजूक हात.

हे पहिल्यांदा केलं हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकचे, कण घुसले होते. ते कण डोळ्यात वर्षानुवर्षं राहूनही डोळा चिडत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग बनवून घेतलं. वस्तू योग्य निवडली गेली. हिशोब मात्र चुकला. भिंग गरजेपेक्षा फार जास्त ताकदीचं निघालं आणि त्या बाईंना ऑपरेशननंतर पंधराच्याही वर मायनस नंबर आला. मापाचं काम करणारी म्हणून मला ही गोष्ट सारखी आठवते. भिंग कितीही उत्तम असो, नंबर चुकला तर चष्मा जाड होतोच.

आणखी एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवा. तरुणपणी आपलं भिंग आपोआप फुगतं-चपटं होतं, म्हणून क्षणात डोंगर आणि क्षणात पुस्तक दिसतं. चाळिशीत ही लवचीकता कमी होते आणि चाळिशी लागते. कृत्रिम भिंग तर फुगतही नाही आणि चपटंही होत नाही. साधं भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवतं. बाकीच्या भिंगांत प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटून किंवा ताणून दिलेला असतो, आणि त्या वाटपाची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते. त्यामुळे भिंग निवडणं म्हणजे मुख्यतः अंतर निवडणं.

पहिली पायरी: घरी बसून आपला दिवस कागदावर लिहा

दवाखान्यात यायच्या आधी, शांतपणे, ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांच्याशी बोलून लिहा. मुलांनी स्वतःच्या अंदाजानं भरू नका. "आई आता काय करणार, टीव्ही बघेल" असं म्हणणाऱ्या लेकाच्या शेजारी बसलेल्या आजी रोज दोन तास वाती वळतात, तांदूळ निवडतात आणि नातवाच्या स्वेटरचे टाके मोजतात, असं मी पाहिलेलं आहे.

तीन अंतरं धरा. जवळचं म्हणजे हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत, ३५ ते ४० सेंटिमीटर: पोथी हातात धरून वाचणं, मोबाइल, सुईत दोरा, औषधाच्या पाकिटावरची तारीख. मधलं म्हणजे हात पुढे केला तर पोहोचेल तेवढं, ६० ते ८० सेंटिमीटर: कॉम्प्युटर, गॅसवरची कढई, काउंटरवरचे पैसे, पेटी वाजवताना समोरचा कागद, गाडीचा स्पीडोमीटर, रांगोळी. आणि लांबचं: एसटीची पाटी, रस्ता, टीव्ही, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा.

प्रत्येक कामापुढे दिवसातले किती तास, आणि ते काम चष्मा लावून केलेलं चालेल का, हे लिहा. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. वाचताना चष्मा लावायला अजिबात हरकत नसलेली माणसं पुष्कळ असतात, चाळीस वर्षं त्यांनी तो लावलेलाच असतो. त्यांनी केवळ "बिनचष्म्याचं" या शब्दासाठी लाखभर रुपये घालावेत असं मला वाटत नाही.

रात्रीची कामं वेगळी लिहा. आमच्याकडे शेतकऱ्यांना वीज कधी कधी रात्रीच मिळते, बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावं लागतं. कुणी टेम्पो चालवतं, कुणी दुधाच्या गाडीवर पहाटे चारला निघतं. अंधारात समोरून झगझगीत दिवे येतात अशी कामं रोजची असतील तर तो एक मुद्दा बाकी सगळ्या यादीला भारी ठरू शकतो. कारण पुढे येईल.

जन्मभर मायनस नंबर असणाऱ्यांसाठी, विशेष लक्ष देऊन

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण तो माझ्या घरात घडला.

माझ्या आईला लहानपणापासून दोन्ही डोळ्यांना मायनस तीनच्या आसपास नंबर. लांबचं बघायला चष्मा, आणि वाचायचं असलं की चष्मा काढून कपाळावर. अशा माणसाला चाळिशी जाणवतच नाही. तांदळातले खडे, रक्षाबंधनाच्या राखीची गाठ, पंचांगातली बारीक अक्षरं, सगळं ती उघड्या डोळ्यांनी करायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी या कामात नव्हते. ऑपरेशन उत्तम झालं. भिंग लांबचं स्पष्ट दिसेल असं बसवलं होतं, म्हणजे नंबर शून्य. सगळीकडे सवयीनं तसंच बसवतात आणि बहुतेकांना तेच हवं असतं. आईला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हालाही माहीत नव्हतं.

पट्टी निघाल्यावर तिला दारातून समोरच्या घरावरचा नंबर दिसला, ती हरखली. दुसऱ्या दिवशी तांदळाची ताटली मांडीवर घेतली आणि तिला आपली बोटं अंधूक दिसली. "लांबचं आलं, पण माझं जवळचं गेलं गं," असं म्हणाली. वाचायला तिला पहिल्यांदाच चष्मा लागला, आणि साठ वर्षांची सवय अशी की ती वाचायला बसली की हात आपोआप चष्मा काढायलाच जायचा.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आम्ही बोललो. तो डोळा मायनस दीडवर ठेवायचं ठरलं. आता ताटलीतलं धान्य आणि मोठी अक्षरं तिला बिनचष्म्याची जमतात, बारीक वाचायला चष्मा लावते.

तुमच्या घरात कुणाला मायनस दोन ते चार नंबर असेल आणि ती व्यक्ती चष्मा काढून वाचत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "जवळचं आहे तसं ठेवून लांबसाठी चष्मा दिला तर?" भिंग तेच, किंमत तीच, फक्त नंबर वेगळा निवडायचा. साध्यातल्या साध्या भिंगातही हा पर्याय असतो, आणि तरी त्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

दुसरी पायरी: डोळा काय परवानगी देतो

तुमची यादी काहीही म्हणो, शेवटचा शब्द डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे डोळ्याच्या आत मागे जिथे चित्र उमटतं त्या पडद्याचा. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासल्याशिवाय भिंगाचा प्रकार ठरवू नका. महागडं भिंग घ्यायचं असेल तर पडद्याच्या मध्यबिंदूचा ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशानं पडद्याचे थर दाखवणारी तपासणी, करून घ्यावा. गढूळ भिंगाच्या मागे लपलेला बारीक दोष त्यात सापडतो.

पडद्याला मधुमेहाचा त्रास, वयानं आलेली मध्यबिंदूची झीज, वाढलेला काचबिंदू, यांपैकी काही असेल तर प्रकाश वाटणारी भिंगं टाळावीत. आधीच अधू असलेल्या पडद्यावर प्रकाशाचे तुकडे करून पाठवले तर चित्र फिकं होतं. अशा डोळ्याला साधं, एका अंतराचं, स्वच्छ भिंग सर्वात जास्त न्याय देतं. घरच्यांना इथे अपराधी वाटतं, आपण आईला "साधं" बसवतोय म्हणून. तसं वाटून घेऊ नका.

तीन गोष्टी रुग्ण सांगायला विसरतात, म्हणून इथे लिहिते. एक, पूर्वी चष्मा घालवायचं लेसिक किंवा तसलं ऑपरेशन झालं असेल तर ते आवर्जून सांगा. त्यानंतर बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या सर्वात पुढच्या पारदर्शक भागाची, गोलाई बदललेली असते, नेहमीच्या सूत्रानं काढलेला भिंगाचा नंबर चुकतो, त्यासाठी वेगळी सूत्रं वापरावी लागतात. जुने कागद असतील तर आणा. दोन, पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी, टॅमसुलोसिन हे औषध अनेकदा चालू असतं. त्यानं ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट उघडी राहत नाही. पूर्वी घेत होता आणि आता बंद केलं असलं तरी सांगा. तीन, डोळ्यात कोरडेपणा, जळजळ, किंवा बुबुळावर चढलेलं मांस. उन्हातान्हात काम करणाऱ्यांत हे मांस बरंच दिसतं आणि ते बुबुळाला वाकवतं. कोरड्या किंवा वाकलेल्या बुबुळावर घेतलेलं माप विश्वासाचं नसतं. आधी त्यावर उपचार, मग माप. महिनाभर थांबावं लागलं तरी थांबा.

मोतीबिंदू "पिकू द्यायचा" ही जुनी समजूत मात्र सोडून द्या. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला कठीण जातो, पडदा दिसत नाही, आणि माप घेणारा प्रकाशही त्यातून पलीकडे जात नाही.

तिसरी पायरी: माप

भिंगाच्या डब्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. तुम्हाला चष्मा लागेल की नाही, हे मात्र डब्यावरच्या छोट्या आकड्यानं ठरतं, आणि तो आकडा मापातून येतो.

मुख्य मापं दोन. डोळ्याची लांबी, म्हणजे बुबुळापासून पडद्यापर्यंतचं अंतर, आणि बुबुळाची गोलाई, जिला आम्ही "के रीडिंग" म्हणतो. सर्वसाधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास लांब असतो आणि त्याला वीस-एकवीस नंबरचं भिंग लागतं. लांबीच्या मापात एक मिलिमीटर चूक झाली तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच ते तीननं चुकतो. म्हणजे पाव मिलिमीटरच्या चुकीनंही अर्धा-पाऊण नंबर इकडचा तिकडे होतो.

लांबी मोजायचे दोन मार्ग आहेत. एक प्रकाशानं मोजणारं यंत्र: डोळ्याला काही टेकत नाही, हनुवटी ठेवायची आणि दिव्याकडे बघायचं. दुसरा ध्वनिलहरींचा, ज्याला ए-स्कॅन म्हणतात. त्यात पेन्सिलीसारखं टोक बुबुळाला टेकवतात. टेकवताना हात जरासा दाबला गेला तर डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, भिंग जास्त ताकदीचं निघतं आणि ऑपरेशननंतर नको असलेला मायनस नंबर येतो. हे टाळायला ए-स्कॅनमध्येच पाण्याची छोटी वाटी डोळ्यावर ठेवून मोजायची पद्धत आहे, त्यात टोक बुबुळाला लागत नाही. प्रकाशाचं यंत्र उपलब्ध असेल तर तेच निवडा. मोतीबिंदू फार दाट असला की ते चालत नाही, तेव्हा वाटीवालं ए-स्कॅन चांगलं.

माप घ्यायला बसाल तेव्हा एवढं बघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधीपासून बंद हवी, कारण ती बुबुळाला दाबून आकार बदलते. के रीडिंग आधी घ्यायचं, ए-स्कॅन नंतर. बधिर करणारे थेंब टाकून टोक लावून झालं की बुबुळाचा पृष्ठभाग बिघडतो आणि गोलाई नीट येत नाही. माप दोन्ही डोळ्यांचं घ्यायचं, ऑपरेशन एकाचंच असलं तरी. दोन्ही डोळ्यांची लांबी बहुतेकांत जवळपास सारखी असते. फरक एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला तर मी सगळं पहिल्यापासून मोजते. दोन्ही डोळ्यांच्या चष्म्यांत पूर्वीपासून मोठा फरक असेल तर तो खरा असतो, म्हणून जुना चष्मा बरोबर आणा. मोतीबिंदू व्हायच्या आधीचा असेल तर आणखी चांगलं.

मग आकडे सूत्रात जातात. एसआरके-टी हे जुनं आणि भरवशाचं सूत्र अजून खूप ठिकाणी चालतं. फार आखूड किंवा फार लांब डोळ्यांना बॅरेट युनिव्हर्सलसारखी नवी सूत्रं अधिक अचूक ठरतात. मायनस आठ-दहा नंबरवाल्यांनी "कोणत्या सूत्रानं काढलंत?" एवढं विचारायला लाजू नये. मला कुणी विचारलं तर मी कागद वळवून दाखवते.

आणि हेही मोकळेपणानं सांगते: सगळं बरोबर करूनही प्रत्येकाचा नंबर शून्यावर येत नाही. भिंग पिशवीत नेमकं किती खोल जाऊन बसेल याचा अंदाजच बांधावा लागतो. चांगल्या यंत्रावर, चांगल्या हातात, चारांतल्या साधारण तिघांचा नंबर ठरवलेल्या आकड्याच्या अर्ध्या नंबरात येतो. उरलेल्यांना थोडा जास्त फरक राहतो. "चष्मा शंभर टक्के जाईल" असं कुणी लिहून दिलं तर त्या टेबलावरून उठलेलं बरं.

चौथी पायरी: आता प्रकार

मोनोफोकल, म्हणजे एका अंतराचं साधं भिंग. जे अंतर निवडलं तिथे सर्वात स्वच्छ, सर्वात ठळक चित्र. लांबचं निवडलं तर वाचायला चष्मा. मला माझ्या खोलीत येणाऱ्या बहुतेकांसाठी हेच योग्य वाटतं, आणि मी तसं बोलून दाखवते.

याच साध्या भिंगातून आणखी एक सोय होते. एक डोळा लांबसाठी ठेवायचा आणि दुसरा मायनस सव्वा-दीडवर, जवळच्या-मधल्या कामासाठी. मेंदू दोन्ही चित्रं जुळवून घेतो. सगळ्यांना जमत नाही, म्हणून आधी करून बघावं: मोतीबिंदू फार दाट नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्सनं किंवा तपासणीच्या चष्म्यात काचा घालून अर्धा तास दवाखान्यात फिरून बघता येतं. भाजीवाल्या, किराणा दुकानदार, शिक्षक यांना हे छान मानवलेलं मी पाहिलंय. शिंपी किंवा सोनार यांना, ज्यांचं सगळं काम जवळच्या एका अंतरावर दोन्ही डोळ्यांनी चालतं, त्यांना मी सुचवत नाही.

सुधारित मोनोफोकल आणि लांबवलेल्या टप्प्याची भिंगं ही मधली पायरी. लांबचं आणि कॉम्प्युटरच्या अंतराचं बऱ्यापैकी दिसतं, बारीक अक्षरांना हलका चष्मा लागू शकतो. स्वयंपाकघर, काउंटर, लॅपटॉप असा ज्यांचा दिवस आहे त्यांनी याबद्दल जरूर विचारावं. रात्रीच्या दिव्यांचा त्रास यांत सहसा ट्रायफोकलपेक्षा कमी असतो.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल भिंगांवर पाण्यातल्या तरंगांसारखी बारीक वर्तुळं असतात. आत येणारा प्रकाश ती दोन किंवा तीन अंतरांना वाटतात. डोळा निरोगी असेल, माप बिनचूक असेल आणि माणूस समजून-उमजून तयार असेल, तर चष्म्याशिवाय लांबचं, मधलं, जवळचं तिन्ही जमतं आणि लोक खूष असतात. पण प्रकाश वाटला गेल्यामुळे ठळकपणा थोडा कमी होतो. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. काही महिन्यांत मेंदू बऱ्याच अंशी सरावतो, तरी सगळ्यांचं पूर्ण जात नाही. रात्री गाडी चालवून पोट भरणाऱ्याला म्हणूनच मी हे भिंग घेऊ नका असं स्पष्ट सांगते. अक्षराची कड जराशी हलली तरी अस्वस्थ होणारा, चष्मा तीनदा बदलून घेणारा स्वभाव असेल, तरी दोनदा विचार करा.

टोरिक हा वेगळा प्रकार नसून जोड आहे. चष्म्यात तिरका, म्हणजे सिलिंडरचा नंबर असतो, त्यातला जो भाग बुबुळाच्या आकारामुळे आहे तो टोरिक भिंग दुरुस्त करतं. बुबुळावर साधारण एक किंवा जास्त सिलिंडर असेल तर त्याचा विचार करावा. माझ्या मते जादा पैसे घालण्यासारखी पहिली जागा हीच, कारण इथे मिळतं ते खरं आणि मोजता येईल असं असतं. मात्र हे भिंग ठरलेल्या कोनातच बसावं लागतं. एक अंश फिरलं तर सुमारे ३ टक्के फायदा जातो, ३० अंश फिरलं तर सगळाच जातो. आडवं झोपल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून बसलेल्या स्थितीत डोळ्यावर खूण करतात किंवा यंत्र डोळ्याचं चित्र घेऊन ठेवतं. तुमच्या बाबतीत कसं करणार, ते विचारा.

घडीचं, पिवळं, इम्पोर्टेड

बिनघडीचं भिंग कडक असतं, त्याला मोठा छेद लागतो. घडीचं मऊ भिंग गुंडाळून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातं आणि उलगडतं. घडीच्या ॲक्रिलिक भिंगांत दोन जाती आहेत, पाणी धरणारी आणि पाणी न धरणारी. पाणी न धरणाऱ्या, चौकोनी कडेच्या भिंगांमागे पिशवीला पुन्हा धुरकटपणा येण्याचं प्रमाण कमी राहतं. पाणी धरणाऱ्या भिंगांत क्वचित पुढे चुन्यासारखे कण साचतात, विशेषतः पुढे डोळ्यात वायू भरावा लागणारी ऑपरेशनं झाली तर. पडद्याचा त्रास असणाऱ्या मधुमेहींनी पाणी न धरणारं, म्हणजे हायड्रोफोबिक, मागावं.

पिवळसर भिंगानं पडदा वाचतो असं सांगितलं जातं. त्याला पक्का पुरावा नाही. मिळालं तर बिघडत नाही, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

"इंडियन" या शब्दाला बिचकू नका. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भिंगं बनवायला घेतली आणि जगभरातल्या किमती खाली आणल्या. ती भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात.

लेझर, फेको, छोटा छेद

लोक ज्याला "लेझरचं ऑपरेशन" म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं, आणि त्यात मोतीबिंदू फोडतात ध्वनिलहरींनी. खरं लेझर वापरणारी फेम्टो पद्धतही आहे, पण मोठ्या अभ्यासांत अंतिम दृष्टी फेकोपेक्षा सरस निघालेली नाही. बिनटाक्याची छोट्या छेदाची हाताची पद्धतही कमी लेखू नका. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर फेको आणि ही पद्धत यांची तुलना झाली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्यासह दिसण्यात दोन्ही गट जवळपास सारखे होते. बिनचष्म्याचं दिसणं फेकोत काहीसं सरस होतं. फार पिकलेल्या मोतीबिंदूला ही पद्धत अनेकदा अधिक सुरक्षित पडते.

आता पैसे

आकडा मागताना "पॅकेजमध्ये काय काय" ते लिहून घ्या: भिंग, ऑपरेशन, तपासण्या, थेंब, नंतरच्या भेटी. विम्यात मोतीबिंदूला बहुधा पहिली दोन वर्षं थांबावं लागतं आणि एका डोळ्यामागे मर्यादा असते. टोरिक-ट्रायफोकलचा वरचा खर्च सहसा तुमच्याच खिशातून जातो, म्हणून आधी पॉलिसी वाचा. सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून भिंगासह ऑपरेशन मोफत होतं. हा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. ऐपत नसताना कर्ज काढून ट्रायफोकल घेण्यापेक्षा तिथे वेळेवर जाणं मी कधीही सुचवीन.

आणि एकाच भेटीत सही करू नका. रेटकार्डाचा फोटो काढा, मापाच्या कागदाची प्रत घ्या, रात्री जेवणानंतर ती दिवसाची यादी शेजारी ठेवून पुन्हा बोला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले तरी पुरे: "ऑपरेशननंतर नंबर कितीवर ठेवणार आहात?" आणि "या डोळ्याला हे भिंग नको, असं काही कारण आहे का?"

ऑपरेशननंतर

भिंगाच्या डब्यातलं स्टिकर मागून घ्या. त्यावर मॉडेल, नंबर आणि सिरियल क्रमांक असतो. ते कार्डावर चिकटवलेलं असेल तर फोटोही काढून ठेवा. पुढे कुठल्याही गावात डोळ्याचं काही करायची वेळ आली तर ते लागतं. चष्म्याचा पक्का नंबर सहसा महिना-दीड महिन्यानं काढतात, तोवर घाईनं नवा चष्मा करू नका.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नका. भिंगामागची पिशवी गढूळ होते, आणि याग लेझरनं तिला काही मिनिटांत खिडकी पाडता येते. पण ट्रायफोकलबद्दल तक्रार असेल तर हे लेझर करण्याआधी थांबा. पिशवी उघडल्यावर भिंग बदलणं फार अवघड होतं, त्यामुळे तक्रार भिंगाची आहे की पिशवीची, हे आधी ठरलं पाहिजे.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पहिल्या डोळ्याचा नंबर किती ठरवला होता आणि प्रत्यक्षात किती आला, तो कागद माप घेणाऱ्याच्या हातात द्या. पहिल्या डोळ्यात झालेला फरक धरून दुसऱ्याचा हिशोब सुधारता येतो. माझ्या खोलीत कुणी असा कागद घेऊन आलं की मी आधी तो वाचते, मग यंत्र सुरू करते.